मागणी निरंक

सोमवार, ३ सप्टेंबर

आज प्राचार्यबाईंनी बोलावून घेतलं. विद्यार्थी मंडळांच्या वार्षिक निधीचं वाटप यंदापासून माझ्याकडे. मंडळं अकरा, निधी एक, आणि भांडणांची तर गणतीच नाही. गेल्या वर्षी नाट्यमंडळाने निम्मा निधी उचलला, कारण त्यांचा सेक्रेटरी बाईंच्या टेबलासमोर ढसाढसा रडला. (तो त्यांच्या नाटकातलाच प्रवेश होता हे वार्षिक समारंभात कळलं.) बुद्धिबळ मंडळाच्या वाट्याला एवढं कमी आलं की हरवलेल्या दोन प्याद्यांच्या जागी ते अजून बाटलीची झाकणं मांडतात.

बाई म्हणाल्या, "सर, तुमचं या कॉलेजात कुणाशीच फारसं जमत नाही. म्हणून हे काम तुम्हीच करू शकाल."

सव्वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवतो आहे. माझ्या निःपक्षपातीपणाची इतक्या नेमक्या शब्दांत कुणी दखल घेतली नव्हती. भरून आलं.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "करा काय करायचं ते. फक्त त्या पायपीट मंडळाला हात लावू नका."

मी म्हटलं, "मी सगळ्यांना सारखाच हात लावणार."

हिने मान डोलावली. चहा मात्र बिनसाखरेचा आला.

मंगळवार, ४ सप्टेंबर

काल ही असं का म्हणाली ते इथे लिहून ठेवतो. उद्या कुणी बोट दाखवलं तर कागद हवा.

धाकटी त्या पायपीट मंडळात आहे. ती आमच्याच कॉलेजात, आणि जानेवारीत पहिल्या वर्षाला नापास झाली. एकाच विषयात, म्हणजे माझ्या. पेपर मीच तपासला. बत्तीस गुण झाले होते, पास व्हायला पस्तीस लागतात. तीनपर्यंत कृपागुण द्यायचा अधिकार परीक्षकाला असतो. मी दिले नाहीत. बापाने लेकीला ढकललं असं कुणी म्हणायला नको. तिचं वर्ष गेलं, मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या, आणि तिने सहा महिने खोलीचं दार लावून घेतलं. माझ्याशी बोलणं "हो", "नाही" आणि "मीठ द्या" एवढ्यावर आलं.

जुलैपासून मात्र सकाळी सहाला बूट घालून बाहेर पडते. कॉलेजच्या मागच्या फाटकापासून ही मुलं चालत निघतात, नदीच्या पुलापर्यंत जातात आणि परत येतात. यालाच ते मंडळ म्हणतात. धाकटी साडेसातला घरी येते, दोनदा वाढून घेते, आईशी खिदळते. हिचं म्हणणं, त्या चालण्याने पोरगी परत आली. मला वाटतं, वय वाढीचं आहे, भूक लागणारच.

मी घरातही कधी डावंउजवं केलेलं नाही. थोरल्याला बाराव्या वर्षी सायकल घेतली, म्हणून धाकटीलाही बाराव्या वर्षी सायकलच घेतली. तीच कंपनी, तोच रंग, तीच उंची. तिला चित्रकलेचा क्लास हवा होता, पण मग हिशोब बरोबरीचा राहिला नसता. सायकल अजून गॅलरीत आहे. एकदाही वापरली नसल्याने अगदी नव्यासारखी.

गुरुवार, ६ सप्टेंबर

सूत्र तयार झालं. मंडळाने जेवढं मागितलं त्याच्या किती टक्के मिळालं, ही त्या मंडळाची समाधान-टक्केवारी. सर्व मंडळांची समाधान-टक्केवारी समान असली की न्याय झाला. इतकं सोपं आणि सुंदर.

हेडक्लार्क माझ्या खांद्यावरून डोकावत होते. म्हणाले, "सर, सरळ अकराने भागा की. चार मिनिटांचं काम."

माणूस चांगला आहे, पण पंचवीस वर्षं पगारपत्रकं करून बुद्धीला गंज चढला आहे.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

अर्ज आले. सूत्र बहुधा फुटलं असावं. नाट्यमंडळाने गेल्या वर्षीच्या बारा पट मागितलं आहे: मखमली पडदा, त्यामागे दुसरा पडदा, आणि रडण्याच्या प्रवेशासाठी खास प्रकाशयोजना. वादविवाद मंडळाने दोन अर्ज दिलेत, एक बाजूने आणि एक विरोधात, आणि दोन्हींसाठी स्वतंत्र निधी हवा आहे. विज्ञान मंडळाला दुर्बीण हवी आहे, आणि ती ठेवायला गच्चीवर खोली. बुद्धिबळवाल्यांनीसुद्धा सोळा संच मागितले. सभासद तीन आहेत.

पण खरा घोटाळा वेगळाच. पायपीट मंडळाच्या अर्जात मागणीच्या रकान्यात एकच शब्द आहे: "निरंक." म्हणजे काहीच नको.

आता समाधान-टक्केवारी काढायची तर मिळालेल्या रकमेला मागणीने भागायचं. मागणी शून्य. शून्याने भागता येत नाही हे मी सव्वीस वर्षं पोरांना ओरडून सांगतो आहे, आणि तेच आज कॉम्प्युटरने मला सांगितलं. त्या एका ओळीत चूक दिसते, तिच्यामुळे खालच्या बेरजेत चूक दिसते, आणि बेरजेमुळे पहिल्या पानावर लाल अक्षरांत चूक दिसते. अख्खा तक्ता नासला.

हेडक्लार्क म्हणाले, "ती ओळ काढून टाका ना."

काहीतरीच. ज्या मंडळात माझी मुलगी आहे नेमकी तीच ओळ मी गाळली, असं उद्या कुणी म्हणालं म्हणजे?

सोमवार, १७ सप्टेंबर

पायपीट मंडळाच्या प्रमुखाला बोलावलं. प्रमुख असा कुणी नाही म्हणे. शेवटच्या वर्षाची एक उंच मुलगी आली, तिला सगळे शिडी म्हणतात.

"तुमची मागणी काय?"

"काही नाही सर. रस्ता आहे, पाय आहेत."

"सभासद किती?"

"जे येतील ते."

"नियमावली?"

"नियम एकच आहे. सगळ्यांत हळू चालणाऱ्याने पुढे राहायचं. बाकीच्यांनी त्याच्या मागे."

"याने काय साधतं?"

"कुणी मागे राहत नाही, सर."

चालण्याचा सरासरी वेग किती घटत असेल याची मी तिला जाणीव करून दिली. ती मान डोलावत होती. मग मी मुद्द्यावर आलो. काहीतरी मागितलंच पाहिजे, नाहीतर बाकीच्या दहा मंडळांवर अन्याय होतो. ती म्हणाली, "पण सर, आम्ही काही मागितलं नाही तर बाकीच्यांना जास्तच मिळेल ना?" हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण तक्त्यात बसत नाही.

बुधवार, १९ सप्टेंबर

ही आज जेवताना म्हणाली, "अहो, ज्यांना काही नको त्यांच्या मागे कशाला लागलात? तुमच्या त्या तक्त्याला एक भोक पडलं तर पडू दे."

मी म्हटलं, "अगं, प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्वापायी एक वर्ष गेलंय पोरीचं. आता तिला चार पावलं तरी सुखाने टाकू द्या."

धाकटी समोरच होती. ताटाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मीठ द्या." मीठ तिच्या हाताशीच होतं.

शनिवार, २२ सप्टेंबर

यश! पायपीट मंडळाने मागणी दिली. पाण्याची एक मोठी बाटली आणि जखमेला लावायच्या पट्ट्यांचं एक पाकीट. तक्त्यातली लाल अक्षरं गेली. इतका आनंद झाला की घरी येताना हिच्यासाठी द्राक्षं आणली.

निधी घ्यायचा म्हणजे सेक्रेटरी, खजिनदार, सभासद-नोंदवही आणि रोजची हजेरी लागते, हे मी वाटपाच्या नियमावलीत नियम सातमध्ये घातलंच होतं. शिडीने सेक्रेटरी व्हायला नकार दिला. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आपण होऊन पुढे आला. तरतरीत आहे. गळ्यात शिट्टी घालून फिरतो, त्यामुळे त्याला नावही तेच पडलं आहे. त्याने मंडळाचं उद्दिष्ट विचारलं. इतकी वर्षं हा प्रश्न तिथे कुणालाच सुचला नव्हता.

गुरुवार, २७ सप्टेंबर

फुगवलेल्या मागण्यांचा बंदोबस्त केला. मागणी जेवढी फुगलेली, तेवढी कपात. कपातीतून वाचलेली रक्कम न फुगवणाऱ्या मंडळांत वाटायची. दुपारी तक्ता चालवला.

न फुगवणारं मंडळ एकच निघालं. एकूण निधीपैकी एक्केचाळीस टक्के पायपीट मंडळाला.

मी खुर्चीत बसून राहिलो. पुन्हा चालवला. एक्केचाळीस. पाणी पिऊन आलो, चष्मा पुसला. एक्केचाळीसच.

सूत्र बदलावं का? पण निकाल आवडला नाही म्हणून सूत्र बदलणं हाच तर पक्षपात. आणि तेही मुलगी त्यात आहे म्हणून! मन घट्ट करून सही केली. हेडक्लार्कनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

सोमवार, १ ऑक्टोबर

सूचना फलकावर यादी लागली, आणि अर्ध्या तासात तिच्याखाली कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "बाप असावा तर असा!" नाट्यमंडळाने मधल्या सुट्टीत जिन्याखाली पथनाट्य केलं. त्यातला मी खिशातून नोटा काढून मुलीच्या पायाखाली अंथरत होतो आणि "प्रश्न तत्त्वाचा आहे" असं म्हणत होतो. टाळ्या बऱ्याच पडल्या. गर्दीत धाकटी उभी होती.

हेडक्लार्कांपाशी मन मोकळं केलं. म्हटलं, "ज्या माणसाने स्वतःच्या मुलीला तीन गुण दिले नाहीत त्याच्यावर हा आरोप?"

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "सर, राग मानू नका. त्या पेपरात तुम्ही पाच जणांना कृपागुण दिले होते. गुणपत्रक मीच टाइप केलं होतं."

"ते पाच जण माझे कुणी नव्हते."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले, आणि टायपिंगकडे वळले. त्यांना काय म्हणायचं होतं कळलं नाही.

जेवताना धाकटी म्हणाली, "बाबा, माझे होते ते तीन गुण तुम्ही दिले नाहीत. आणि जे मला नको होतं ते एवढं सगळं दिलंत." नऊ महिन्यांत माझ्याशी ती इतकं कधीच बोलली नव्हती. मग ताट उचलून उठून गेली.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

पायपीट मंडळाने निधीचा विनियोग सुरू केला आहे. केशरी जाकिटं आली, कापडी फलक आला, वेग मोजायची घड्याळं आली. शिट्टीने सभासदांचे दोन गट केले, वेगवान आणि साधारण. पुलाला हात लावून पस्तीस मिनिटांत परत आला नाही तर हजेरी लागत नाही, आणि हजेरी कमी पडली तर नाव कमी होतं. नोंदवही दाखवायला आणली होती. समास आखलेले, बेरजा शाईने. अकरा मंडळांत इतकी नेटकी वही कुणाचीच नाही.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

आज सहाला जाग आली तर धाकटी घरातच. खोलीचं दार लावलेलं. मला वाटलं, सर्दी झाली असेल. साडेसातला ताट वाढलं गेलं आणि तसंच राहिलं.

हिला विचारलं. ही ओट्याशी पाठमोरी होती, तशीच बोलत राहिली.

"सर्दी नाही झालेली. तिचं नाव कमी केलंय. तुमच्या हजेरीत बसेना ती. लहानपणापासून पाय दुखतात तिचे, कधी लक्ष दिलंत? त्या मंडळात सगळ्यांत हळू चालणारी तीच होती. तीन महिने ती सगळ्यांच्या पुढे चालत होती, अहो. वर्गात मागे पडलेली पोर. रोज सकाळी पुढे. परवा त्या शिट्टीवाल्याने सगळ्यांदेखत तिला सांगितलं की तुझ्यामुळे सरासरी खाली येते."

सरासरी हा शब्द मी आयुष्यात लाखो वेळा उच्चारला असेल. आज ऐकवेना.

धाकटीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. दार न वाजवताच कॉलेजला गेलो.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

शिट्टीला गाठलं. म्हटलं, मंडळ पूर्वीसारखं करा, निधी परत करा. तो अदबीने उभा राहिला आणि म्हणाला, "सर, नियम अकरा. एकदा वाटलेला निधी परत घेता येत नाही, कारण त्याने इतरांची समाधान-टक्केवारी बिघडते." नियम माझाच. भाषा माझीच. अल्पविरामसुद्धा माझा.

"आणि शिडी?"

"ती मंडळात नाही, सर. नोंदणी करायला तयार नव्हती. ती, आणि आणखी दोघंतिघं, असेच जातात. कशातच मोडत नाहीत ते."

प्राचार्यबाईंकडे गेलो. काही सांगायच्या आतच त्यांनी अभिनंदन केलं. सूत्र इतर कॉलेजांना पाठवणार आहेत. रडारड बंद झाली, म्हणाल्या. ते खरं आहे. नाट्यमंडळाचा सेक्रेटरी आता रडत नाही, तक्ते करतो.

शनिवार, १३ ऑक्टोबर

कपाटातून जानेवारीचं गुणपत्रक काढलं. बत्तीसवाले सहा जण होते. पाच जणांच्या पुढे माझ्या अक्षरात अधिक तीन. सहाव्या ओळीपुढे काहीच नाही. तिच्याशी माझं नातं नसतं तर ती पास झाली असती. एवढं साधं गणित. ते कळायला मला नऊ महिने लागले आणि एका हेडक्लार्कला एक मिनिट.

मी निःपक्षपाती नव्हतो. मी घाबरट होतो. लोक काय म्हणतील याची किंमत मी तिच्या वर्षातून काढली. हे लिहिताना अक्षर बिघडलं आहे, राहू दे.

रविवार, १४ ऑक्टोबर

जेवणानंतर तिच्या दारासमोर स्टूल घेऊन बसलो. दार लावलेलंच होतं.

म्हटलं, "ऐकते आहेस का ठाऊक नाही. त्या पेपरात बत्तीसवाले सहा जण होते. पाच जणांना मी तीन गुण दिले. तुला दिले नाहीत. तुला द्यायला हवे होते. माझी चूक झाली."

मी बसून राहिलो. दोन्ही पाय बधिर झाले. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "सायकल विकून टाका."

"विकतो."

"तिचे पैसे अर्धे दादाला पाठवू नका."

"नाही पाठवत," मी म्हणालो. हे सोपं नव्हतं.

मग दार उघडलं नाही, पण दिवा लागला आणि कपाटाचा आवाज आला. ही मागे उभी होती. तिने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "तुमचे जुने बूट माळ्यावर आहेत. काढून ठेवते."

सोमवार, १५ ऑक्टोबर

सहाला मागच्या फाटकाशी गेलो. धाकटी माझ्यापासून दहा पावलं अंतर ठेवून चालत होती, पण होती. पुढच्या फाटकातून केशरी जाकिटं शिट्टीच्या तालावर निघून गेली. इकडे शिडी, बुद्धिबळवाला एक, ग्रंथालयातल्या बाई, आणि आम्ही दोघं. मला पाहून कुणी काही विचारलं नाही. शिडी फक्त म्हणाली, "चला."

शंभर पावलांत मला धाप लागली. सव्वीस वर्षं खुर्चीत गेलेली आहेत. मी मागे पडू लागलो आणि तसं बरंच वाटलं, म्हटलं येऊ हळूहळू, यांना उशीर नको. तेवढ्यात सगळे थांबले. धाकटी वळली. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. जरा हसली असावी.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पुढे."

मी पुढे झालो. पुलापर्यंत जायला एक तास दहा मिनिटं लागली. इतक्या वेळात कुणी मला ओलांडून गेलं नाही. मागून तिच्या बुटांचा आवाज येत होता, माझ्या पावलाशी जुळवून घेत, आणि मला वळून बघायचा धीर झाला नाही, कारण डोळे भरले होते.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

प्राचार्यबाईंचं परिपत्रक आलं. निधिवाटपाच्या कक्षेबाहेर राहिलेले, नोंदणी नसलेले विद्यार्थ्यांचे गट आवारात आढळल्यास त्यांचा तपशील कळवावा, म्हणजे त्यांनाही नियमावली, सेक्रेटरी आणि योग्य तो निधी देता येईल. वेळ व ठिकाणासह माहिती मागवली आहे.

फॉर्म समोर घेतला. सव्वीस वर्षांत कॉलेजच्या एकाही कागदावर मी खोटं लिहिलेलं नाही. गटाचं नाव, वेळ, ठिकाण, सभासदसंख्या, मागणी, असे पाच रकाने होते. पाचही रकान्यांत "निरंक" लिहिलं आणि खाली सही केली. हेडक्लार्कनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

पाय ठणकत आहेत. धाकटीने मलम आणून टेबलावर ठेवलं आहे. उद्या सहाला निघायचं, म्हणून लवकर झोपतो.